तीन वेढ्यांची गाठ

किळस या विषयावर मी जरा अधिकारानं बोलू शकते. सगळी नोकरी मी दवाखान्यात काढली, त्यातही बरीच वर्षं सर्जरीच्या वॉर्डात. चिघळलेल्या जखमा, साखरेनं काळी पडलेली बोटं, आठवडाभर न बदललेल्या पट्ट्या, सगळं या हातांनी साफ केलं आणि तेच हात धुऊन डबा उघडला. पोटात कधी ढवळलं नाही. नव्या मुली नाकाला पदर लावायच्या तेव्हा मी त्यांना रागवायचे. पण मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या घरातली काही दृश्यं अशी आहेत, की ती जेवताना आठवली तर आजही मला ताट बाजूला सारावं लागतं. त्यांत रक्त फारसं नाही, पू तर नाहीच. त्यातली बहुतेक माणसं स्वच्छ धुतलेल्या कपड्यांत आहेत आणि सकाळी आंघोळ करून आलेली आहेत.

आमचं घर शहराच्या वैनगंगेकडच्या अंगाला होतं. बाबा शाळेत गणिताचे मास्तर. स्वच्छतेचं त्यांना वेडच होतं, आणि त्या वेडाचा गल्लीत दबदबा होता. पहाटे ते मोरीत उभे राहून गुळण्या करत, घसा खरवडून, खाकरून, इतक्या जोरात, की समोरच्या घरातले लोक तेवढ्यावरून उठत. आम्हाला तो आवाज चहाबरोबर ऐकावा लागे. दाराबाहेर एक बादली आणि तांब्या कायम भरलेला. बाहेरून येईल त्यानं पाय धुवायचे, हात धुवायचे, चूळ भरायची, मग उंबरा ओलांडायचा. आई दुपारी भात, तुरीचं वरण आणि अंबाडीची भाजी करी, आणि बाबा जेवायला बसण्याआधी ताट उजेडाकडे धरून बोटानं पुसून बघत. बोट कोरडं, स्वच्छ निघालं की मान हलवत. आईचा चेहरा तोवर परीक्षेला बसलेल्या पोरीसारखा असे. मला लहानपणी हे सगळं फार उच्च दर्जाचं वाटायचं. आपण इतरांपेक्षा स्वच्छ आहोत, म्हणजे इतरांपेक्षा चांगले आहोत, असा आमचा साधा हिशेब होता.

बाबांची दुसरी हौस दोरांची. शाळेच्या शिबिरांचं काम त्यांच्याकडे असे, त्यामुळे गाठींचं एक जुनं पुस्तक घरात होतं आणि घरातली प्रत्येक दोरी त्या पुस्तकाप्रमाणे बांधलेली होती. मच्छरदाणी, कपड्यांची दोरी, अंगणातला वेलाचा मांडव, सगळं. त्यात त्यांची लाडकी गाठ म्हणजे सरकती गाठ. जाड दोराभोवती बारीक दोरीचा फासा घ्यायचा आणि तो स्वतःतूनच ओवून तीन वेढे द्यायचे. वेढे एकमेकांना चिकटून शेजारी शेजारी बसले पाहिजेत, एकावर एक चढता कामा नये. मग फाशाला ओढ दिली की गाठ दोरावर घट्ट बसते, काही केल्या हलत नाही. ओढ सोडली, मुठीत धरून ढकलली, की लोण्यातून सुरी जावी तशी वर नाहीतर खाली जाते. भार असेल तर धरते आणि भार नसेल तर सोडते, एवढंच तिचं शास्त्र. मी ती खाटेच्या पायावर शिकले, डोळे मिटून बांधता येईपर्यंत. पाहुणे आले की बाबा मला बोलावत. मी डोळे मिटून तीन वेढे घाली, आणि पाहुणे चहा पिता पिता वाहवा करत. मुलगी असून, असंही एखादा म्हणे.

परवा माझ्या भाच्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा डोंगरावर एक मुलगी चढते आहे, डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा, आणि दोरावर हीच गाठ. "आत्या, हे बघ काय भारी आहे," तो म्हणाला. मी वेढे मोजले. त्या मुलीनं एक वेढा घातला, दुसरा घातला, तिसरा घातला, मग अंगाचा भार टाकून बघितला आणि गाठ सोडून एक वेढा वाढवला. मी फोन त्याच्या हातात परत दिला आणि आत गेले. त्याला वाटलं आत्याला हल्ली काही आवडत नाही.

तर त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. विहीर आमच्या आवारात, पण पाणी आसपासची पाच-सात घरं भरत. आधी वास इतका पुसट होता, की आईला वाटलं भांडी नीट घासली गेली नाहीत. तिनं राखेनं, मग चिंचेनं सगळी भांडी पुन्हा घासली. मग एका दुपारी बाबांच्या भातात केस निघाला. बाबांनी तो चिमटीत धरून उजेडाकडे नेला. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला, "वेणी घालून स्वयंपाकघरात येत जा म्हणून किती वेळा सांगू तुले!" पण माझे केस लांब आणि काळे. हा आखूड आणि पांढुरका. आईनं बाबांच्या डोक्याकडे पाहिलं, बाबांनी आईच्या. बाबांनी ताट बदलून घेतलं आणि जेवले. दुसऱ्या दिवशी बादलीत तसल्या केसांचा पुंजकाच आला, त्याला चिकटलेल्या कातडीच्या तुकड्यासकट. आई तिथंच कठड्याशी उलटी करत बसली. किती दिवस आम्ही ते पाणी पीत होतो कोण जाणे. चार दिवस तरी नक्की.

आरशानं ऊन आत पाडून पाहिलं तेव्हा तळाशी, कमी झालेल्या पाण्यात, फुगून दुप्पट झालेलं वानर दिसलं. चिंचेवरच्या टोळीतलं एखादं तहानेनं वाकलं असेल आणि गेलं असेल. आमच्याकडे वानर मेलं की साधी गोष्ट नसते. ते मारुतीचं रूप. त्याची तिरडी बांधायची, गुलाल उधळायचा, वाजत गाजत न्यायचं, तेराव्या दिवशी गावजेवण घालायचं, हे सगळं ठरलेलं. गल्लीतले लोक कठड्याशी जमले, नाकाला रुमाल लावून खाली वाकले आणि त्यांनी हात जोडले. त्याला बाहेर काढायला खाली कोण उतरणार, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. असल्या कामाला झनक असे.

झनक गावाच्या कडेला, नाल्यापलीकडे राहायचा. विहिरींचा गाळ काढणं, पडलेल्या बादल्या-घागरी काढणं, वाळलेली झाडं उतरवणं, ही त्याची कामं. वयानं बाबांएवढाच, पण बाबा त्याला अरे-तुरे करत आणि तो बाबांना मास्तरजी म्हणे. बाबा त्याच्या जातीचं नाव कधी उच्चारत नसत. 'ती माणसं' म्हणत, आणि असं म्हणणं हे सुसंस्कृतपणाचं लक्षण आहे असं त्यांना मनापासून वाटे. झनकच्या गळ्यात तुळशीच्या मण्यांची कबीरपंथी कंठी होती. पूर्वी तो मोहाची प्यायचा, चांगलाच प्यायचा. मुलगी झाली तेव्हा सोडली आणि कंठी घेतली. कंठी घेतलेला माणूस दारूला शिवत नाही. शिवला असं ठरलं तर पंथातले मोठे येऊन कंठी उतरवून घेतात, मग त्याला कुणी बसायला बोलवत नाही आणि त्याच्या घरचं पाणी पीत नाही. झनकला त्या कंठीचा फार अभिमान होता. बोलताना बोटं सारखी तिच्याकडे जायची.

तो सकाळी आला तो सायकलीवर स्वतःचा अंबाडीचा दोर गुंडाळून. मळून काळा झालेला, केसाळ, मनगटाएवढा जाड. त्याच्या जोडीला बारीक दोरीचा फासा. गाठ तीच, बाबांची लाडकी. पुस्तक न वाचता तो ती जन्मभर बांधत आला होता आणि तिला 'जळू' म्हणायचा. बाबांनी दोराकडे पाहिलं आणि त्यांच्या नाकाचा शेंडा वर गेला.

"झनक, तो दोर सायकलीलाच राहू दे. हे पिण्याचं पाणी आहे."

"धुवून आणला जी. सोड्यानं धुतला."

"तरी राहू दे. मी नवा आणला आहे."

पिण्याच्या पाण्यात आठवडाभर मढं कुजत होतं. झनक स्वतः त्या पाण्यात उतरणार होता, कमरेपर्यंत. पण झनकचा दोर उतरला की विहीर बाटणार होती. यात काही गैर आहे असं जमलेल्यांपैकी एकालाही वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. उलट नवा दोर फार सुंदर होता. नायलॉनचा, निळा, चकचकीत, तेव्हा आमच्याकडे असला दोर नुकताच दिसू लागला होता. बाबांनी फाशासाठीसुद्धा त्याच गुंडाळीतला तुकडा कापला.

मग ते जमलेल्यांना म्हणाले, "गाठ आमची सुमन बांधेल. डोळे मिटून बांधते." सगळे माझ्याकडे वळले. मी चौदा वर्षांची होते आणि माझ्या अंगावर इस्त्रीचा फ्रॉक होता. मी डोळे मिटले, तीन वेढे घातले, डोळे उघडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली मढं सडत होतं, वारा आला की जीव गुदमरत होता, आणि लोक टाळ्या वाजवत होते. झनकनं गाठ मुठीत धरली, वर-खाली करून पाहिली.

"मास्तरजी, हे तं चिकनं आहे. आन् दोन्ही दोर सारख्याच जाडीचे. दोन वेढे अखीन मारू द्या."

"तीनच असतात," बाबा म्हणाले. "पुस्तकात आहे."

झनकनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हौ जी."

आता जे लिहायचं आहे ते मी आजवर कुणाला लिहून दिलेलं नाही. त्याच सकाळी, लोक यायच्या आधी, मी त्या निळ्या दोराचा सराव केला होता. ओसरीच्या वाशाला दोर टाकला, तीन वेढे घातले आणि फाशाला लोंबकळले. गाठीनं धरलं, आणि मग चार बोटं सरकली. पुन्हा धरलं, पुन्हा सरकली. माझं वजन ते केवढं, आणि तरी सरकली. मला कळलं होतं की अंबाडीच्या दोराला केस असतात म्हणून गाठ त्यात रुतते आणि या दोरात रुतायला काही नाही. झनकनं दोन वेढे मागितले तेव्हा तो बरोबर आहे हे त्या आवारात त्याच्याखेरीज फक्त मलाच माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही. टाळ्या नुकत्याच वाजल्या होत्या.

उतरण्याआधी बाबांनी आणखी एक गोष्ट केली. आतून एक फडकं भिजवून आणलं आणि झनकच्या नाकातोंडावर, डोक्यामागे गाठ मारून, स्वतःच्या हातांनी बांधलं. इतक्या वर्षांत त्यांनी झनकला स्पर्श केल्याचं मी तेव्हाच पाहिलं. झनक दचकला, काहीतरी बोलू लागला. "औषध आहे," बाबा म्हणाले, "वास येणार नाही." औषध कसलं ते मला ठाऊक होतं. बाबांचे गुडघे दुखत, आणि चोळायला मोहाच्या दारूची बाटली कपाटात, शिबिराच्या कागदांमागे ठेवलेली असे. आईला ती बाटली हातात धरायचीसुद्धा किळस येई. मास्तरांच्या घरात दारू आहे हे गल्लीला कळता कामा नये, म्हणून तिच्यावर गुलाबपाण्याची चिठ्ठी चिकटवलेली होती.

फासा कमरेला अडकवून झनक उतरला. विहिरीच्या दगडांत खाचा होत्या, त्यांत पाय रोवत, एका हातानं दोर धरून आणि दुसऱ्यानं गाठ खाली ढकलत. खाली त्यानं काय केलं ते मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. पाण्याचा आवाज, मग एक ओला, फाटल्यासारखा आवाज, मग त्याचं खोकणं. वानर एका जागी धरलं की दुसरीकडून सुटत होतं. अर्धा तास तरी तो तिथं असेल. मग वानर भरलेलं पोतं दुसऱ्या दोरानं वर आलं. बायांनी तोंडं फिरवली, पुरुषांनी "जय बजरंग" केलं, कुणी पोत्यावर गुलाल टाकला, कुणी झेंडूचा हार आणला. सगळे पोत्याभोवती गोळा झाले. कठड्याशी मी एकटी उरले.

झनक वर येत होता. अर्ध्यावर आला आणि शेवाळावर त्याचा पाय निसटला. हात सुटले. अशा वेळेसाठीच ती गाठ असते. माणूस सोडतो तेव्हा ती धरते. तिनं धरलं नाही. निळ्या दोरावरून सूं करत ती खाली गेली, जळक्या प्लास्टिकचा वास आला, आणि तळाशी दगडांवर काहीतरी आपटलं. मी ओरडले. लोकांनी वळून पाहिलं, पण तेव्हा तिरडीवर वानर ठेवणं चाललं होतं आणि ते अर्धवट सोडणं बरं दिसत नव्हतं. आधी वानर नीट ठेवलं. त्याचा हात पुन:पुन्हा बाहेर येत होता, तो आत घातला. खालून झनक "मास्तरजी, ओ मास्तरजी" करत होता. मग लोक आले.

शेवटी त्याला काढलं ते त्याच्याच अंबाडीच्या दोरानं, खाट खाली सोडून. तेव्हा विहीर बाटण्याचा विचार कुणाच्या मनात आला नाही, कारण नायलॉनवर उतरायला कुणी तयार नव्हतं. झनकचा उजवा पाय मांडीपासून भलत्याच दिशेला वळलेला होता. लोक वाकले आणि लगेच मागे सरले. कुजल्या मढ्याच्या घाणीतूनही मोहाचा वास येत होता. एकजण म्हणाला, "हा तं पिऊन आला होता." मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं ते आता सांगतील. बाबा खाली बसले, झनकच्या गळ्यात घसरलेलं फडकं हळूच सोडवलं, घडी केली आणि माझ्या हातात दिलं. "हे मोरीत टाक." मग उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "पिऊन विहिरीत उतरायचं? माझ्या आवारात? काही झालं असतं म्हणजे?" झनकचे डोळे उघडे होते. तो बाबांकडे पाहत होता. मी फडकं मोरीत टाकलं आणि वर दोन तांबे पाणी ओतलं. परत आले तोवर निळ्या दोरावरची गाठ बाबांनी सोडलेली होती.

वानराची मिरवणूक बँड लावून निघाली. झनकला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दोन्ही एकाच वेळी गल्लीच्या तोंडाशी आले, तेव्हा रिक्षा थांबवून मिरवणुकीला वाट दिली. आज वानराला पुरलं त्या जागी, नदीकडे उतरताना, त्याची समाधी आहे. पांढऱ्या टाइल्स, स्टीलचा कठडा, देणगी देणाऱ्यांची नावं. बाबांचं नाव वरून दुसरं आहे. त्यांच्या पुण्यतिथीला आमच्या घरच्या ग्रुपवर त्यांचा फोटो येतो, खाली हलती पणती आणि 'आदर्श शिक्षक' असं लिहिलेलं. सगळे हात जोडतात. मीही इतकी वर्षं जोडत आले. यंदा नाही जोडले.

विहीर पंपानं उपसली, लाल दवाई टाकली, गंगाजल शिंपडलं. आईला एकाच गोष्टीची चिंता होती: झनकचं रक्त पाण्यात सांडलं असेल का. बाबांनी तिची समजूत घातली, की सगळं उपसून गेलं. तेराव्या दिवशी आमच्याच आवारात मांडव पडला. पुरी, बुंदी, आलू-वांग्याची भाजी. तर्रीचा तवंग आणि त्यावर माशा. माझ्या शेजारची बाई बुंदी चिवडत दुसरीला सांगत होती, "झनकच्या घरी आज त्याहीच्या पंथातले लोक येऊन राह्यले. कंठी काढून घेणार म्हंतात. बरं झालं, असा माणूस विहिरीवर येणं बरं नाई." पलीकडे बाबा पंगतीत फिरत वाढत होते आणि गाठीचं शास्त्र कुणालातरी समजावत होते, गाठ उत्तम होती, माणूस शुद्धीवर हवा होता. माझ्या तोंडात पुरीचा घास होता. तो गिळवेना आणि थुंकता येईना. मी तसाच तो गालात धरून मांडवाबाहेर पडले, नाल्यात थुंकले आणि तशीच पुढे धावत गेले.

झनकचं घर मी तोवर पाहिलेलं नव्हतं. शेणानं सारवलेलं, दोन खोल्यांचं, चकचकीत. तो खाटेवर होता, कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर. समोर चटईवर तीन म्हातारे, तिघांच्या गळ्यात कंठ्या. मधले, त्यांना सगळे महंतजी म्हणत होते, झनकला विचारत होते. मी दारात उभी राहिले. धावत आल्यानं मला धाप लागली होती. झनकच्या बायकोनं काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला, मी तो उभ्या उभ्या पिऊन टाकला. तिनं दुसरा दिला, तोही प्याले.

"झनकलाल, सच सच सांग," महंतजी म्हणाले. "दारू पेला होता का?"

"नाई महंतजी."

"मंग वास कायचा होता? दवाखान्यातल्या डॉक्टरनंबी म्हटलं."

झनकची बोटं कंठीवर गेली. मी म्हणाले, "वास फडक्याचा होता. बाबांनी मोहाची ओतून बांधलं होतं. ते गुडघ्याले लावतात." मग थांबता येईना. "आन् गाठ मी बांधली होती. ती सकाळीच सरकली होती. मले माहीत होतं. हे म्हणत होते दोन वेढे अखीन, तेव्हाबी मले माहीत होतं, मी नाई बोलली."

झनकच्या बायकोनं माझ्या हातातला तांब्या घेतला. महंतजी झनककडे वळले.

"तुले पहिल्या श्वासाले कळलं नाई का ते काय आहे?"

"कळलं."

"मंग काहून नाई सोडलं?"

"मास्तरजीनं बांधलं होतं जी. त्याहीच्या हातानं." झनक छताकडे पाहत म्हणाला. "त्याहीच्यासमोर सोडू कसा?"

"आन् गाठ? वीस वर्षं उतरून राह्यला तू. कच्च्या गाठीवर उतरला?"

आता झनकनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "या पोट्टीनं बांधली होती जी. सारी गल्ली वाहवा करून राह्यली होती. मी सगळ्याइसमोर सोडून पुन्हा बांधली असती तं तिचं तोंड केवढंसं झालं असतं. मी म्हटलं, हात सुटतेच कायले, जाऊ सांभाळून."

एवढ्यासाठी. मला टाळी मिळाली होती ती तशीच राहावी, एवढ्यासाठी तो त्या विहिरीत उतरला होता. मी दारातच ओकले, पुरी, बुंदी, भाजी, सगळं, त्या सारवलेल्या अंगणात. झनकच्या बायकोनं माझं कपाळ धरलं. मग वर माती टाकली, खराट्यानं ओढून घेतली. तिच्या चेहऱ्यावर किळस नव्हती. मी नर्स झाले ती बहुधा तिथेच.

कंठी राहिली. महंतजींनी उठताना झनकच्या गळ्याला हात लावून मणी सरळ केले आणि बाकीच्या दोघांना सांगितलं, की याच्या घरी पाणी पिऊन निघू. पण दारात थांबून ते मला म्हणाले, "बाई, हे इथंच राहू दे. मास्तराचं नाव आम्ही कुठं घेणार नाई. आमाले इथंच राहाचं आहे." गल्लीत झनक दारुडाच राहिला. त्याचा पाय आखूड जुळला, तो पुन्हा विहिरीत उतरला नाही. बाबांनी एक शब्द कधी मागे घेतला नाही, आणि मी घरातून नोकरीला बाहेर पडेपर्यंत त्यांना तो घ्यायला लावला नाही. या गोष्टीबद्दल मला स्वतःची जी किळस वाटते ती कुठल्या साबणानं गेलेली नाही.

त्या दुपारी मी परत आले तेव्हा पंगती उठल्या होत्या. आई ओसरीवर पंखा घेत बसली होती आणि बाबा दाराशी पाय धूत होते. मी कुठून आले ते त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "आंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही," ते म्हणाले, आणि मग, जरा आवाज उतरवून, "तिथं काही खाल्लं-प्यालं नाहीस ना?"

"पाणी प्याली," मी म्हणाले. "दोन तांबे."

आईचा पंखा थांबला. मी पाय न धुता तशीच आत गेले, माठावरचं झाकण काढलं, पेला थेट आत बुडवला, मनगटापर्यंत, आणि त्यांच्यासमोर उभी राहून प्याले. कुणी मारलं नाही, कुणी ओरडलं नाही. बाबांनी माठ दोन्ही हातांनी उचलून परसात नेला, वांग्यांच्या वाफ्यात रिकामा केला आणि दगडावर आपटून फोडला. मग मोरीत जाऊन त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले.